एलएमएस आलं पण सर लोक येईनात, आता काय करायचं

हे खरं तर मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवणार होते पण लांबत लांबत इतकं झालं की म्हटलं नीटच लिहावं. ती ओझरकडच्या एका कॉलेजात शिकवते. जूनमध्ये प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, मॅडम आजपासून तुम्ही एलएमएस को-ऑर्डिनेटर (एलएमएस म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, नोट्स, असाइनमेंट, टेस्ट सगळं ऑनलाइन चालवायची कॉलेजची सिस्टीम). का, तर ती स्टाफमध्ये सगळ्यात लहान आणि तिला प्रोजेक्टर जोडता येतो, बस. नाशिकमध्ये बहुतेक कॉलेजात हे काम असंच कुणाच्यातरी गळ्यात पडतं, माझ्याही असंच पडलं होतं, आणि पहिलं वर्ष मी ते पूर्ण वाया घालवलं. म्हणून आधी काय करू नका ते सांगते.

तीन तासांचं वर्कशॉप घेऊ नका. मी घेतलं. सेमिनार हॉल, एसी, बाहेरून बोलावलेला ट्रेनर, नव्वद स्लाइड आणि सगळ्या इंग्रजीत, मध्ये चहा-वेफर्स, शेवटी प्रत्येकाच्या हातात युजरनेम-पासवर्डची चिठ्ठी. आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीला, फोटो मिळाले, नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) फाइलला हजेरीपट मिळाला, सगळे खूश. पंधरा दिवसांनी मी मूडलमध्ये (आमचं एलएमएस हेच) शिरून यादी उघडली तर 'लास्ट ॲक्सेस'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, नेव्हर, नेव्हर, नेव्हर. मधे कुठेतरी एक तारीख दिसली म्हणून आनंद झाला तर ते माझंच नाव निघालं.

मग मला राग आला आणि मी पण तेच म्हणायला लागले जे सगळे म्हणतात, की या जुन्या लोकांना शिकायचंच नाही. हे चूक आहे हे कळायला मला पुढचे सहा महिने लागले. त्याच माणसांनी यूपीआय शिकलंय, नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतात, शेअरचं ॲप रोज सकाळी सव्वानऊला उघडतात. म्हणजे जमत नाही हा मुद्दाच नाही, घोडं दुसरीकडेच पेंड खातंय.

कुठे ते शोधायला थोडी थिअरी उपयोगी पडते, घाबरू नका, दोनच गोष्टी सांगते. १९८९ साली फ्रेड डेव्हिस नावाच्या संशोधकाने टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल मांडलं, त्याला लोक टॅम म्हणतात. त्याचं म्हणणं साधं होतं. माणूस नवीन सिस्टीम वापरेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं, एक म्हणजे याने माझं काम चांगलं होईल असं त्याला वाटतं का, आणि दुसरं म्हणजे हे वापरायला सोपं आहे असं वाटतं का. यात 'वाटतं' हा शब्द महत्त्वाचा, तुम्हाला काय वाटतं त्याला काही किंमत नाही. आणि दोन्हीत जास्त वजन उपयोगाचं निघालं, सोपेपणाचं नाही. आपण सगळे करतो उलटं, तीन तास बटणं किती सोपी आहेत ते दाखवतो आणि त्याने सरांचं कुठलं काम हलकं होणार ते कुणी सांगतच नाही.

पुढे २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असली आठ मॉडेल्स एकत्र करून यूटॉट नावाचं मॉडेल काढलं, त्यात चार गोष्टी आल्या. कामाला फायदा, लागणारी मेहनत, आजूबाजूचे महत्त्वाचे लोक काय म्हणतात, आणि सोयीसुविधा. शिवाय वय, अनुभव, वापर सक्तीचा आहे की मर्जीचा, यांनी या चारांचं वजन कमीजास्त होतं. त्यातली मला सगळ्यात कामाला आलेली गोष्ट म्हणजे आजूबाजूच्यांचं दडपण हे सक्तीच्या ठिकाणीच चालतं आणि तेही सुरुवातीला, माणूस अनुभवी झाला की ते विरघळतं. मार्च २०२० नंतर आपण हेच तर पाहिलं. लॉकडाऊनमध्ये एकूणएक प्राध्यापक ऑनलाइन शिकवत होते, कॉलेजं उघडली आणि महिन्याभरात सगळे खडूवर परत.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

आधी आठवडाभर नुसतं स्टाफरूममध्ये बसा

लॅपटॉप घेऊन जाऊ नका. डबा घेऊन जा. एलएमएसचं नाव काढू नका, फक्त विचारा, सर सध्या सगळ्यात कटकटीचं काम कुठलं चाललंय. लोक भडाभडा बोलतात. मला मिळालेली उत्तरं अशी होती, इंटर्नलचे असाइनमेंटचे गठ्ठे, एकशेवीस पोरांनी त्यातले निम्मे एकमेकांचे उतरवलेले, रात्री साडेअकराला 'मॅम उद्या लेक्चर आहे का' असे मेसेज, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या, आणि मार्कलिस्ट तीन वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये तीन ठिकाणी भरणं.

ऑनलाइन लेक्चर घ्यायचंय असं एकही जण म्हणाला नाही. आणि आपण ट्रेनिंग कशाचं देतो, तर ऑनलाइन लेक्चरचं.

हे सगळं एका वहीत लिहा, नावासमोर दुखणं. मग प्रत्येकाला एकच औषध. गठ्ठ्यांवाल्यांना फक्त असाइनमेंट, म्हणजे पोरं फोटो काढून टाकतील, वेळ कळेल, कुणी दिलं कुणी नाही ते आपोआप दिसेल. रात्रीच्या मेसेजवाल्यांना फक्त सूचनांचा फळा. दरवर्षी त्याच त्या युनिट टेस्ट घेणाऱ्यांना फक्त क्विझ, पण त्यांना आधीच खरं सांगा की पहिल्या वर्षी प्रश्न भरताना जीव जातो, फायदा दुसऱ्या वर्षापासून. हे लपवलंत तर ते दोन दिवसांत पळून जातील आणि वर चार लोकांना सांगतील की यात काही दम नाही. एका माणसाला एका सेमिस्टरला एकच गोष्ट, त्याने दुसरी मागितली तरच दुसरी द्या.

भीती

यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडे मराठीचे एक ज्येष्ठ सर आहेत, रिटायरमेंटला थोडी वर्षं राहिलेली, वर्गात उभे राहिले की पोरं घंटा विसरतात असे. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, मॅडम तुमच्या त्या मशीनच्या नादी मी लागणार नाही. मला वाटलं हट्ट आहे. एकदा पावसात सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या एसटी स्टँडला, दोघंही अडकलो, रिक्षा मिळेना, टपरीवर चहा घेताना ते आपणहून बोलले. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या एका लेक्चरचं कुणीतरी स्क्रीन रेकॉर्डिंग केलं होतं, त्यात ते दोन मिनिटं म्यूटवर बोलत होते आणि पोरांनी त्यावर गाणं टाकून ग्रुपवर फिरवलं. तो व्हिडिओ त्यांना त्यांच्या स्वतःच्या पुतण्याने दाखवला. पंचवीस वर्षं वर्गात कुणाची मान वर करायची हिंमत नव्हती, म्हणाले, आणि त्या दोन मिनिटांत सगळं गेलं.

यावर कुठलं वर्कशॉप काय करणार.

त्यांचं दुखणं गठ्ठे हेच होतं, निबंध तपासायचे आणि पोरांची अक्षरं लावताना डोळे दुखायचे, शिवाय शेरे लिहून हात भरून यायचा. मूडलच्या एडिटरमध्ये माइकचं एक बटण असतं, ते दाबून शेरा लिहायच्या ऐवजी बोलता येतो, साधारण दोन मिनिटांची मर्यादा असते. मी त्यांच्या टेबलापाशी दुसरी खुर्ची ओढली, त्यांचाच फोन, स्क्रीनवर खडूची भुकटी, त्यांनी तो आधी रुमालाने पुसला. रेकॉर्डिंग म्हटल्यावर पुन्हा कपाळावर आठी आलीच. मी सांगितलं सर हा आवाज फक्त त्या एका मुलीला ऐकू जाईल, वर्गाला नाही, हे बघा मीच विद्यार्थी म्हणून लॉगिन करून दाखवते. दाखवलं. मग त्यांनी पहिला निबंध उघडला, बटण दाबलं आणि फोन तोंडाजवळ धरून जवळजवळ ओरडूनच म्हणाले, 'हे बघ बाळ, तुझा दुसरा परिच्छेद फार चांगला आहे पण पहिला तू कुठून तरी उचललायस.' स्टाफरूममधले सगळे हसले. ते पण हसले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्टाफरूमबाहेर उभी, सर मी परिच्छेद परत लिहून आणलाय.

यातून नियम काढायचा तर एवढाच की पहिला प्रयोग पोरांसमोर नको. समोर साठ पोरं असताना प्रोजेक्टरवर काहीतरी अडकतं आणि मागच्या बाकावरून आवाज येतो 'सर रिफ्रेश मारा', यापेक्षा मोठा अपमान प्राध्यापकाला नसतो. त्यामुळे मी मूडलवर 'रिकामा वर्ग' नावाचा एक कोर्स काढून ठेवलाय, त्यात फक्त स्टाफ, तिथे काहीही दाबा, काहीही बिघडवा. लाइव्ह घ्यायचंच असेल तर गूगल मीटमध्ये होस्ट कंट्रोल चालू करून पोरांचं चॅट आणि स्क्रीन शेअर बंद कसं करायचं ते पहिल्याच दिवशी दाखवा, बाकी सगळं नंतर. आणि शेजारी बसताना त्यांच्या हातातला माउस ओढून घेऊ नका हो, आपण सगळे हे करतो, 'थांबा सर मी करते' आणि खटाखट तीन क्लिक, झालं, ते कधीच शिकत नाहीत.

एक तांत्रिक गोष्ट, तुमच्या कॉलेजच्या सर्व्हरचा पत्ता एचटीटीपीएस (https) ने सुरू होत नसेल तर ब्राउझर माइक चालूच देत नाही. हे आधी बघून घ्या नाहीतर भर स्टाफरूममध्ये तोंडघशी पडाल, मी पडलेय.

नोट्सचा फॉन्ट

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे आणि बाहेरून आलेल्या ट्रेनरला ते स्वप्नातही सुचत नाही. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, कॉमर्सचे मराठी माध्यमवाले, या सगळ्यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या नोट्स श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या काळात तेच सोयीचं होतं. पण त्या फाइलमध्ये आत मराठी अक्षर नसतंच, आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. त्या कॉम्प्युटरवर फॉन्ट असेपर्यंत सगळं छान, पोराच्या मोबाइलवर उघडलं की नुसता कचरा दिसतो. सरांना काय वाटतं, एलएमएसने माझ्या नोट्स खराब केल्या. आणि मग ते परत फिरकत नाहीत, त्यांचं काय चुकलं सांगा.

नुसत्या वाचायला द्यायच्या असतील तर ज्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे तिथूनच पीडीएफ करा, फॉन्ट आतच जातो, काम झालं. फक्त त्यात शब्द शोधता येत नाही आणि कॉपी केलं की परत कचरा. क्विझमध्ये प्रश्न टाकायचे असतील तर मात्र युनिकोडच लागतं, म्हणजे आत खरं मराठी अक्षर असलेलं टायपिंग, तेव्हा कन्व्हर्टर वापरा, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात, एकदा डोळ्याखालून घालायलाच लागतं. मी हे काम एमएच्या दोन पोरांना दिलं आणि त्यांना लायब्ररीच्या कमवा-शिका योजनेतून पैसे मिळतील अशी सोय करून घेतली. नवीन काही लिहायचं असेल तर सरांना फोनवर जीबोर्डचं (गूगलचा कीबोर्ड) मराठी व्हॉइस टायपिंग दाखवा. आयुष्यभर डिक्टेशन दिलेली माणसं आहेत ही, त्यांना यासारखं दुसरं काही आवडत नाही.

पोरं कुठून येतात ते बघा

आमच्या वर्गात पेठ, सुरगाणा, हरसूलकडची बरीच मुलं आहेत, शनिवारी गावाला गेली की सोमवारपर्यंत रेंज नाही. प्राध्यापकाला हे माहीत असतं, आणि तो जेव्हा म्हणतो 'आपल्या पोरांना हे परवडायचं नाही' तेव्हा ती पळवाट असेलच असं नाही. तेव्हा वाद घालू नका, उत्तर शोधा. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये धडे आधी डाउनलोड करून ठेवता येतात. क्विझ पण ऑफलाइन सोडवता येते, सेटिंगमध्ये तेवढी परवानगी द्यावी लागते आणि वेळेची मर्यादा काढावी लागते, नाहीतर तो पर्यायच बंद राहतो. मुलगा कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेतो, घरी सोडवतो, परत रेंजमध्ये आला की जातं. व्हिडिओपेक्षा ऑडिओ द्या, दहा मिनिटांचं बोलणं ३२ केबीपीएसला सेव्ह केलं तर अडीच एमबीच्या आत बसतं. एवढं दाखवल्यावर भूगोलाच्या मॅडम, ज्या दोन वर्षं मला टाळत होत्या, त्या स्वतः म्हणाल्या चला बघू.

स्टाफची सोय पण बघा. वायफाय फक्त ऑफिस आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये आणि स्टाफरूममध्ये एक डबडं पीसी, अशा परिस्थितीत परिपत्रक काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. एक चांगलं राउटर, चार सॉकेटचे दोन एक्स्टेंशन बोर्ड आणि लाइट गेली तरी चालेल असा एक यूपीएस, एवढं मिळवा, वर्कशॉपच्या खर्चापेक्षा कमीच पडतं. आणि गूगलवर जुनी लेक्चरं साठवून ठेवायची सवय असेल तर लक्षात घ्या की २०२२ पासून शिक्षणसंस्थांना फुकटातली अमर्याद जागा राहिली नाही, अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी आहे.

प्राचार्यांकडून काय मागायचं

वेळ. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. आठवड्याला एक तास टाइमटेबलमध्ये कोरा, 'ऑनलाइन काम' असं लिहून. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास, म्हणजे पेपर सेटिंग, ॲडमिशन, नॅक, इलेक्शन ड्युटी हे सगळं चालू असताना वर हे काम घरून रात्री करा म्हटलं तर कोण करेल. प्राचार्य म्हणतील सर्क्युलर काढतो, सक्ती करतो. नको म्हणा. सक्तीने लॉगिन वाढतात, एक जुनी पीपीटी अपलोड होते आणि विषय संपतो. विभागवार किती वापर झाला याचा तक्ता नोटीस बोर्डवर लावायची कल्पना पण कुणीतरी काढेलच, ती हाणून पाडा.

प्रमोशनचं गणित मात्र जरूर सांगा कारण ते खरं आहे. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमावलीत कॅससाठी, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रमोशनच्या योजनेसाठी, या कामाला गुण दिलेत, ४ क्रेडिटचा पूर्ण मूक (MOOC, सगळ्यांना खुला ऑनलाइन) कोर्स चारही भागांसकट केला तर २० आणि एकेका मॉड्यूलला ५. चार भाग म्हणजे व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वाध्याय आणि चर्चा. नुसती कॉलेजच्या एलएमएसवर क्विझ टाकली की २० गुण असं नाही, ही गल्लत बरेच जण करतात. शिवाय २०२१ च्या नियमांनी एखाद्या प्रोग्रॅमच्या एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स मुलांना 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करायची मुभा दिली, आधी ते २० टक्के होतं. हे सांगताना धमकीच्या सुरात सांगू नका, 'उद्या तुमची जागा जाईल' असं ऐकून कुणी काही शिकत नाही.

तासिका तत्त्वावरचे जे आहेत त्यांचं वेगळं. सीएचबीवाल्याला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, क्विझ तयार करायला लागलेल्या चार तासांचे कुणी देत नाही, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त ऑनलाइन काम त्यांच्याकडूनच करून घेतात कारण ते नाही म्हणू शकत नाहीत. मी प्राचार्यांकडे त्यांच्या मानधनाचा विषय काढला, जमलं नाही. तेव्हापासून मी त्यांना आपणहून काम सांगत नाही, मदत मागितली तर करते.

पहिला माणूस कोण

बीसीएवाले, म्हणजे कॉम्प्युटर शिकवणारे, नको. ते करतील दोन दिवसांत, पण बाकीचे म्हणतील त्यांचं कामच आहे ते. नवीन गोष्टी पसरतात कशा यावर एव्हरेट रॉजर्सने १९६२ मध्ये मांडणी केली, त्यात अगदी पुढे उडी मारणारे अडीच टक्केच धरलेत आणि त्यांच्यामागे साडेतेरा टक्के असे की ज्यांच्याकडे बघून बाकीचे ठरवतात. तुम्हाला ते दुसरे हवेत. आपल्या स्टाफमध्ये तो माणूस ओळखायची सोपी खूण म्हणजे इन्कम टॅक्सचा फॉर्म आला की सगळे ज्याच्या टेबलाकडे जातात तो. आमच्याकडे बॉटनीच्या मॅडम होत्या. त्यांनी प्रॅक्टिकलचे स्लाइडचे फोटो टाकायला सुरुवात केली आणि मी काहीही न करता झूलॉजीवाले आले, ईर्ष्येने.

मुहूर्त हवाच असेल तर नाशिककरांना तो आयता आहे. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची स्नानं आहेत. २०१५ ला पर्वणीच्या दिवसांत गाड्या शहराबाहेर लांब अडवलेल्या, पंचवटीतून कॉलेज रोडला यायचं म्हणजे दिव्य होतं, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या दिवसांत पोरांना काय द्यायचं एवढाच प्रश्न विभागाच्या मीटिंगमध्ये टाका आणि गप्प बसा. उत्तर त्यांच्याकडूनच येतं, आणि त्यांच्याकडून आलेलं उत्तर ते स्वतः पाळतात.

तुमचं काम कधी संपतं म्हणाल तर संपत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी मूडल अपडेट केलं, एडिटर नवीन आला, बटणं इकडची तिकडे झाली. कॉलेज सुरू झालं त्या दिवशी सकाळी सव्वासातला मराठीच्या सरांचा फोन. मी कुकर लावत होते. नमस्कार नाही, काही नाही, एकदम आवाज चढवून, 'मॅडम, माझं बटण कुठं नेलंत?'